दरवर्षी मे महिन्यात मोरी उपसूनही जुलैत पाणी अंगणात का शिरते?

गोव्यातील डिचोली तालुक्यात आपल्या घराजवळची रस्त्याखालची मोरी दर उन्हाळ्यात उपसली जाते, तरी ऐन पावसात पाणी रस्त्यावरून अंगणात येते, तेव्हा कमी कुठे पडते, असे आपण विचारले आहे. रस्त्यांच्या कामांवर बरीच वर्षे देखरेख केल्यामुळे माझे उत्तर असे आहे की, उपसली जाते ती बहुधा फक्त मोरी. पाणी पुढे जिथून जायचे तो ओहोळ गाळाने भरलेलाच राहतो. पुढे वाट नसली की पाण्याचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की डोंगरउतारावरून आलेली तांबडी माती मोरीच्या तळाशी बसू लागते. म्हणून सफाई नेहमी खालच्या अंगाने सुरू करून वर मोरीपर्यंत आणावी.

काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला, तर जूनच्या पहिल्या सरींत तो पुन्हा आत जातो आणि सगळा खर्च वाया जातो. गाळ त्याच दिवशी उचलून नेण्याची अट कामाच्या आदेशातच असावी, असा माझा आग्रह आहे.

मोरीच्या तोंडातून नळाची पाइप किंवा केबल आडवी गेली आहे का, हेही वाकून पाहा. अशा पाइपला आधी माडाची एखादी झावळी अडकते, तिच्यावर नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) आणि प्लास्टिकच्या पिशव्या येऊन बसतात, त्यांच्या फटी पालापाचोळ्याने बुजतात आणि एका रात्रीच्या पावसात तिथे बांध तयार होतो. पाइप दुसरीकडून वळवणे हाच यावर खरा उपाय आहे. कचरा अडवायला जाळी लावायची असेल, तर ती मोरीच्या तोंडाला न चिकटवता थोडी अलीकडे व तिरकी लावावी आणि मोठ्या पावसानंतर ती मोकळी करण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे.

मोरीवरचा रस्ता किंचित खचलेला दिसला, तर दुर्लक्ष करू नये, कारण पाणी मोरीच्या नळाच्या बाहेरून माती धुऊन नेत असल्याची ती खूण असू शकते. नळच अपुरा असेल, तर सफाईने भागणार नाही. त्याच उतारावर व्यास दुप्पट केल्यास सुमारे सहापट पाणी वाहून जाते.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील गोष्ट थोडी वेगळी आहे. पणजीत सांतइनेज नाल्याचे पाणी मांडवीला मिळते; उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर साफ मोरीसुद्धा काही तास तुंबणारच. पण ओहोटी लागताच पाणी झपाट्याने उतरायला हवे, आणि त्यासाठी मोऱ्या व खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतील) मानशी, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारी व सोडणारी दारे, दोन्ही धडधाकट असाव्या लागतात.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. तेव्हा मे महिन्यातील एकच सफाई पुरत नाही, जुलैत पाऊस उघडला की दुसरी फेरी हवी. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे पंचायतीत विचारून मार्चमध्येच लेखी अर्ज द्या, म्हणजे कामाच्या मंजुरीला वेळ मिळतो. अर्जाला मोरीच्या दोन्ही तोंडांची छायाचित्रे जोडा आणि खालचा ओहोळ किती मीटरपर्यंत उपसायचा आहे ते मोजून लिहा, नाहीतर अंदाजपत्रक पुन्हा मोरीपुरतेच तयार होईल.