आरोग्य प्रश्नोत्तरे : नवरात्राचा उपवास आणि जुलाब

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहते. वय ५६. लग्न झाल्यापासून नवरात्राचे नऊही दिवस उपवास करते. गेल्या वर्षी चौथ्या माळेच्या रात्री भगरीच्या तयार पिठाची थालिपिठे खाल्ली आणि पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत सात-आठ वेळा जावे लागले. सासूबाई म्हणाल्या, पोट साफ होते आहे, काही खाऊ-पिऊ नकोस. मी जायफळ उगाळून घेतले, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या आणि संध्याकाळी आरती करताना घेरी येऊन पडले. यंदा घट बसायच्या आधीच विचारते : असे पुन्हा झाले तर काय घ्यावे? मीठ-साखरेच्या पाण्याने उपवास मोडतो का?

उत्तर : तुम्ही पडलात ते बहुधा नुसत्या जुलाबांमुळे नव्हे, तर जुलाब चालू असताना पाणी बंद केले आणि गोळ्या मात्र चालू ठेवल्या म्हणून. पोट साफ होत असल्याची समजूत घरोघरी आहे, पण पातळ जुलाबांतून बाहेर पडते ते मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार. ते जेवढे जाईल तेवढे त्याच दिवशी परत द्यावे लागते. जायफळाने पोटाला बरे वाटत असेल, गेलेले पाणी त्याने भरून येत नाही.

औषधाच्या दुकानातली ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी सर्वांत चांगली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा बारीक केलेले सैंधव घालावे. चाखून पाहावे, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा ते खारट लागता कामा नये. मधुमेह आहे म्हणून यातली साखर वगळू नका. आतड्यात मीठ शोषले जाते ते साखरेच्या सोबतीने, आणि तिच्यामागून पाणी आत ओढले जाते. साखर काढली तर उपायाचा जीवच गेला. दर जुलाबानंतर साधारण एक पेला, घोट घोट करून घ्यावा. चहा, कॉफी आणि फळांचे डबाबंद रस त्या दिवशी नकोत. शहाळ्यात मीठ कमी असते, त्यामुळे एकट्या शहाळ्यावर भागत नाही.

उपवासाचे म्हणाल, तर पुडीत ग्लुकोज आणि क्षार असतात, धान्याचा कणही नसतो. धर्मशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी सांगणारा जो जुना श्लोक आहे, त्यात पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधही आहे, एवढे सासूबाईंना जरूर सांगावे.

आता गोळ्या. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी पोटात अन्न नसताना साखर एकदम उतरते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच गोळीने मुळातच काहींचे पोट बिघडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात. कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे मी येथून सांगणे योग्य नाही. घटस्थापनेपूर्वी सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि आजारी पडल्यास काय करायचे ते एका कागदावर लिहून घ्यावे. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा शौचात रक्त असताना मुळीच घेऊ नये.

खाणे पूर्ण बंद ठेवण्याचे कारण नाही. साबुदाण्याची पातळ पेज, उकडलेले रताळे, केळे, ताजे ताक चालते. खिचडीतले दाण्याचे कूट, तळलेले पदार्थ आणि दूध दोन-तीन दिवस टाळावे.

तुमच्या थालिपिठांवर माझा संशय आहे. भगरीच्या गिरण्या आपल्या नाशकातच पुष्कळ आहेत, त्यामुळे चांगली भगर मिळण्याची येथे अडचण नाही. अडचण होते ती पिठाची. भगरीचे पीठ ओलावा पटकन धरते, त्यात बुरशी वाढते, आणि बुरशीने तयार केलेले विष भाजल्यानेही जाईलच असे नाही. सुटे पीठ घेऊ नये. भगर निवडून, धुऊन, पूर्ण वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी. पिठात बोट घालून पाहावे. गुठळी लागली किंवा कुबट वास आला, तर ते सरळ टाकून द्यावे. शिजवलेली भगरही सकाळची रात्री खाऊ नये, ऑक्टोबरच्या उकाड्यात तर नाहीच.

सहा ते आठ तास लघवी झाली नाही, उभे राहताच अंधारी आली, उलट्यांमुळे पाणी पोटात ठरेना, शौचात रक्त दिसले किंवा जोराचा ताप आला, तर आरतीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत, तरीही दाखवावे. एकदा घेरी येऊन पडल्यानंतर यंदा नऊ दिवसांऐवजी उठता-बसता, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास करावा, असे माझे मत आहे. तोही साखर तपासून आणि डॉक्टरांशी बोलून.