कुत्र्याचं पिल्लू घरी एकटं राहणार? आधी एवढं कर
अगं, अख्खं घर मोकळं सोडू नकोस लगेच. एकच खोली दे, दाराला बेबी गेट (लहान मुलांसाठी लावतात ते बुटकं फाटक) लाव आणि स्वतः जमिनीवर बसून बघ काय काय तोंडाशी येतंय, चार्जरच्या वायरी, चपला, मच्छरचं लिक्विड, मनुका-चॉकलेट (कुत्र्यांना दोन्ही विषारी बरं का). बाल्कनी बंदच.

निघायच्या आधी फिरवून आण पण नुसतं पळवू नको, मनसोक्त हुंगू दे, त्यानेच जास्त दमतात. मग पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये गोठवलेला दे, चाटत बसेल.

हमखास चुका:
- पहिल्याच दिवशी आठ तास एकटं. पाच मिनिटांपासून वाढव.
- नवं खेळणं देऊन लगेच निघणं. आधी समोर देऊन बघ, तुकडे पाडतं का.
- आल्यावर सू बघून ओरडणं. त्याला कळतच नाही कशाबद्दल, आणि तीन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन-चार तास धरतं.

त्याच्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावायचा का, ते नंतर बघू.