षष्ठीच्या आधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. गावात पहिल्यांदाच ज्ञानेश्वरी जयंती करायची तर मंडप केवढा घालावा, असं तू विचारलंस. मंडपाचं नंतर बघू.

ज्ञानेश्वरी झाली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये. आपण पाळतो ती भाद्रपद वद्य षष्ठी त्या दिवसाची नव्हे. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना पाठ बिघडत गेले. संत एकनाथांनी, म्हणजे आपल्या नाथांनी, पैठणला, गोदेच्या काठी बसून ते तपासून नीट केले आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम कपिलाषष्ठीला पुरं झालं, तीच ही तिथी. आजच्या भाषेत, प्रुफं तपासून झाल्याचा दिवस! पितृपक्षात कसला उत्सव, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

माझी एक फजिती सांगतो. तुझ्या वयाचा असताना मी पारायणात वाऱ्यासारखा वाचायचो, आणि त्याचा तोराही होता. समाप्तीला नाथांची ओवी आली: ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची ओवी घुसडील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समज. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "लेकरा, नरोटी म्हंजे रे काय?" मी गप्प. ती उठली, चुलीजवळच्या सरपणातून नारळाची करवंटी आणून तिनं माझ्या पोथीशेजारी ठेवली. "ही." करवंटीला अजून शेंड्या चिकटलेल्या होत्या. मंडळी हसली. मी त्या दिवसापासून हळू वाचतो.

तेव्हा पहिल्या वर्षी सगळी अठरा अध्यायांची हौस नको. बारावा घ्या, २४७ ओव्या आहेत. मूग-उडीद घरात आलेले असतात, सोयाबीन अजून उभं असतं. एवढी सवड गावाला निघते. एकानं वाचावं, बाकीच्यांनी आपापल्या पोथीत बोट ठेवावं. दोन पोथ्यांत शब्द वेगळा निघाला तर भांडू नका, पेन्सिलीनं खूण करा आणि पुढं चला. शब्द अडला तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. स्पीकर लावायचाच तर देवळापुरता.

आणि आदल्या दिवशी घरोघरच्या फाटक्या पोथ्या गोळा करा. मीही माझी आणतो, अठराव्या अध्यायाची पानं सुटलीत. जाड सुई आणि दोरा तेवढा तुझ्याकडं ठेव.