वाचक विचारतात: जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्याचं घड्याळ

मागच्या अंकात मी क्रूझचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर बरेच प्रश्न आलेत, दिवाळीनंतर किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की जाणारे आपल्या नाशिकमधून खूप दिसतायत. सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा नाही, म्हणून ज्यात इतरांचंही काम होईल असे पाच घेतलेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं रिटायर्ड. लेक-जावयासोबत सिंगापूरहून पिनांग आणि फुकेतची क्रूझ बुक केलीय. प्रत्येक बंदरावर जहाजाची टूर घ्यायची तर चौघांचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. जावई म्हणतात बाहेर टॅक्सी करू, स्वस्तात होतं. पण बोट आपल्याला सोडून गेली तर काय? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: काका, तुमचंही बरोबर आणि जावईबापूंचंही बरोबर, फक्त दोघांची बंदरं वेगळी.

पिनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि हा धक्का जॉर्जटाउन गावालाच चिकटून आहे, गेटच्या बाहेर पडलं की गाव सुरू. 2008 पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे आणि बघण्यासारखं बरंचसं पायी होतं. लिटल इंडियात जा, तिथे 1833 सालचं महामारिअम्मन मंदिर आहे, गजऱ्यांचा आणि मसाल्यांचा वास येतो, केळीच्या पानावर जेवण मिळतं. मग क्लॅन जेटीवर जा, पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरं बांधलीयत, त्यात चिनी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतायत, लाकडी फळ्यांवरून चालताना खाली पाणी दिसतं. इथे जहाजाची टूर घेऊन पैसे घालवू नका, जावयाचं ऐका.

फुकेतला मात्र तुमचं ऐका. बरीच जहाजं तिथे धक्क्याला न लागता पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी राहतात आणि छोट्या बोटीतून, म्हणजे टेंडरमधून, किनाऱ्यावर न्यायचं आणायचं चालतं. आता खरी गोम ऐका. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज बहुतेक वेळा आपलं सिंगापूरचंच घड्याळ चालू ठेवतं आणि तुमचा मोबाइल किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्वतःहून थायलंडची वेळ दाखवायला लागतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. आमचं अगदी हेच झालं. शेवटची टेंडर चारला होती, मी मोबाइल बघून म्हणतेय की अडीच वाजलेत, अजून एक शहाळं पिऊ, आणि माझ्या जावेच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ होतं, ते तिने जहाजावर रिसेप्शनच्या घड्याळाशी लावून घेतलेलं. ती म्हणाली अहो साडेतीन झालेत. मी तिच्याशी वाद घातला, चक्क दोन मिनिटं वाद घातला, आणि मग माझ्या पोटात गोळाच आला. हातातलं शहाळं तिथेच टेकवून आम्ही वाळूतून चपला हातात घेऊन पळालो, रांगेत उभे राहिलो तेव्हा चारला दहा कमी होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की घरातलं जुनं काट्याचं घड्याळ बरोबर न्या, जहाजावर चढलं की जहाजाच्या वेळेला लावा आणि परत येईपर्यंत त्याला हात लावू नका.

जहाजाच्या टूरचे जास्त पैसे कशाचे असतात तर या वेळेच्या हमीचे. त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी घेते. आपण स्वतः टॅक्सीने गेलो आणि अडकलो तर जहाज वेळेवर निघतं, कारण बंदराचं भाडं, जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट, पुढच्या बंदरावरची जागा हे सगळं तासांवर ठरलेलं असतं. म्हणून जिथे धक्का गावातच आहे तिथे स्वतः फिरा, जिथे टेंडर आहे किंवा लांब जायचंय तिथे त्यांची टूर घ्या. केबिनमध्ये रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो नाहीतर ॲपवर येतो, त्यावर परत चढायची शेवटची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येता येईल असा आहे ना ते आजच बघा, कारण क्रूझवरून परत आलात की ती दुसरी एंट्री धरतात.

प्रश्न: मुंबईहून कोची आणि लक्षद्वीपच्या क्रूझला सासूबाईंना न्यायचंय. त्या 74 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात, लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. जमेल का? त्यांची समुद्र बघायची फार इच्छा आहे. (एक सून, कॉलेज रोड)

उत्तर: न्या, नक्की न्या. जहाजावर लिफ्ट असते, जेवण एका डेकवर, शो दुसऱ्या डेकवर, आणि नुसतं डेकवर खुर्ची टाकून बसलं तरी त्यांची इच्छा पुरी होते. केबिन मात्र लिफ्टजवळची मागा, लांबच लांब कॉरिडॉर असतात आणि जहाज जरा डोललं की काठीवाल्या माणसाला तो कॉरिडॉर संपता संपत नाही. व्हीलचेअर जाईल इतका दरवाजा रुंद असलेल्या केबिन मोजक्या असतात, बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं.

कोचीला अडचण नाही. जहाज विलिंग्डन बेटावर धक्क्याला लागतं (हे बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून तयार केलंय, मला त्याचं फार कौतुक वाटतं), तिथून गाडीने फोर्ट कोचीला जाऊन मासे पकडायची मोठी चिनी जाळी बघा, गाडी थेट जवळ जाते. मट्टनचेरीचं 1568 सालचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असतं, तुमचा वार बघून ठेवा.

लक्षद्वीपचं मात्र नीट समजून घ्या. बेटांच्या भोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, मोठं जहाज आत जाऊच शकत नाही, ते बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीतून बेटावर नेतात. म्हणजे होतं काय, जहाजाच्या पोटातला एक दरवाजा पाण्याच्या जवळ उघडतात, समोर छोटी बोट वर-खाली होत असते, दोन खलाशी तुमच्या मनगटाला धरतात आणि तुम्ही त्यांच्या मनगटाला धरायचं, बोट वर आली की ते म्हणतात आता, आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. पाऊल मोठं नसतं पण अडखळून चालत नाही. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला जाताना एकदा आणि येताना एकदा हे करावं लागतं, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला लाटा असल्या की खलाशी नाही म्हणू शकतात. माझं मत विचाराल तर सासूबाईंना त्या दिवशी जहाजावरच राहू द्या आणि घरातलं एक जण त्यांच्याजवळ थांबा, सगळे उतरून गेल्यावर जहाज इतकं शांत होतं की तो दिवस त्यांना सगळ्यात जास्त आवडेल. फक्त हे आधी घरात बोलून ठेवा, ऐनवेळी दरवाज्यापाशी रडारड नको, मी एका आजींना तिथून परत फिरताना बघितलंय आणि त्यांचा चेहरा अजून आठवतो.

लक्षद्वीपला जायला आपल्यालाही परमिट लागतं, बहुतेक क्रूझ कंपनीच काढते पण कागद वेळेवर मागतात. वारा असला की बेटावर उतरणं रद्द होऊ शकतं, तेही मनात धरून जा. आणि मुलांना सांगा की किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून पिशवीत टाकायचं नाही, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, वाळूत पडलेला तुकडा असला तरी.

प्रश्न: आमच्या घरात कांदा-लसूण चालत नाही, आईचे उपवास असतात, आणि ती प्रवासातही रोज निरांजन लावते. डबा नेता येतो का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: निरांजन नाही. समई, उदबत्ती, कापूर, काहीच नाही. इस्त्री आणि पाणी तापवायची किटलीसुद्धा बहुतेक जहाजांवर काढून घेतात. यात श्रद्धेचा अपमान नाही हो, भर समुद्रात जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची असते, तिथे अग्निशमन दलाची गाडी येत नाही. आईंना आधीच सांगा, बॅग तपासताना निरांजन बाहेर काढलं तर त्यांना वाईट वाटेल. जपमाळ आणि छोटी पोथी न्या, पहाटे डेकवर सूर्य उगवताना बसू द्या.

जेवणाचं बुकिंगच्या वेळी लेखी सांगा आणि पहिल्या रात्री डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला परत तोंडाने सांगा, हे दुसरं सांगणं फार महत्त्वाचं, कारण मग तो रोज रात्री येऊन उद्यासाठी विचारून जातो. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर जैन जेवण सहज मिळतं, परदेशी जहाजावर मागावं लागतं. उपवासाला साबुदाणा कुठे मिळायचा नाही, पण फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा असतोच.

घरचा डबा बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. तेव्हा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की सगळं पॅकबंद घ्या. आणि दिवाळीनंतर जाणाऱ्यांनो, अनारसे नेऊ नका! त्यावर खसखस असते आणि सिंगापूर, दुबई दोन्हीकडे खसखशीला बंदी आहे, तिकडे ती अमली पदार्थांच्या नियमात धरतात. जहाजावरची केळी-सफरचंद पर्समध्ये टाकून बंदरावर उतरू नका, बऱ्याच देशांत ताजी फळं आत नेली की दंड होतो. आपण द्राक्षाच्या गावचे लोक, पिशवीत फळ असायचंच, म्हणून मुद्दाम सांगतेय.

प्रश्न: मला कसारा घाटातही गाडी लागते. बोट लागेल का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर: कदाचित, पण घाटाइतकी नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्याने डोलणं बरंच कमी होतं. केबिन खालच्या डेकवरची आणि जहाजाच्या मधोमध घ्या, सगळे वरची मागतात कारण दिसतं छान, पण डोलतं तिथेच जास्त. गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, आणि झोप येते, बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बरं वाटेनासं झालं की केबिनमध्ये पडून राहू नका, डेकवर या आणि क्षितिजाकडे बघा, आल्याचा तुकडा चघळा. जून ते सप्टेंबर आपला अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यानंतरचं बुकिंग करा.

प्रश्न: लग्नानंतर भूमध्य समुद्राची क्रूझ करतोय. एक दिवस रोमसाठी आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्ही कारंजं, स्पॅनिश स्टेप्स असा प्लॅन केलाय, होईल ना? मुंबईला बोटीवर चढायचं असेल तर नाशिकहून त्याच दिवशी निघालेलं चालतं का, हेही मित्रासाठी विचारतोय. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: नाही होणार, आणि झालं तरी काही लक्षात राहणार नाही. जहाज रोमला लागतच नाही, ते चिविटावेकियाला लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. आता हिशोब उलटा करा. सहाला निघणार म्हणजे साडेपाचला आत. साडेचारला तरी बंदरात पाहिजे. ट्रेनला तास-सव्वा तास आणि स्टेशनपर्यंतचा वेळ धरून तीनला रोम सोडायचं. सकाळी उतरून, स्टेशन गाठून रोमला पोचेपर्यंत साडेदहा. हातात राहिले साडेचार तास, त्यात जेवण. व्हॅटिकनचं म्युझियम घ्या नाहीतर कोलोसियम घ्या, दोन्ही नको, तिकीट आधी काढा, आणि रविवार असेल तर म्युझियम बहुतेक बंद असतं. इटलीत ट्रेनचे संप होतात, आदल्या दिवशी तपासा, संप असला तर जहाजाचीच बस.

रामकुंडापाशी यात्रेच्या बस लागतात तेव्हा बघितलंय ना तुम्ही? दीड तासात परत या म्हणून सांगतात आणि मंडळी रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन सगळं त्यात कोंबतात, घामाघूम होऊन बसमध्ये चढतात. त्यातलीच एखादी आजी गोदावरीच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून निवांत बसलेली असते. मला नेहमी वाटतं की नाशिक तिनेच बघितलं. तुम्ही दोघं रोममध्ये त्या आजीसारखं एका ठिकाणी बसा.

तुमची बोट मध्येच तुर्कस्तानला किंवा मॉन्टेनेग्रोला जात असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, मल्टिपल एंट्रीचाच हवा. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आलाय, त्याची चिंता नको. आणि जहाजावर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, भर समुद्रात तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून हनिमूनचा मूड जातो.

मित्राला सांगा, आदल्या दिवशीच जा. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून बोटीचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने दहा मिनिटांवर, हे कागदावर सोपं दिसतं, पण घाटात मालगाडी अडकली की सगळं कोलमडतं, आणि चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. आदल्या रात्री मुंबईत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे रहा, नसतील तर फोर्टमध्ये साधी लॉज घ्या. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठी बॅग केबिनमध्ये यायला कधी कधी संध्याकाळ होते.