माळावरच्या पळसाचा सूर्योदयाचा फोटो : आकाश जमलं की झाड काळं का पडतं?

तुमची अडचण अशी : माळावर एकटा फुललेला पळस आहे, डीएसएलआर कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे, आकाश छान आलं की झाड काळं, झाड उजळलं की आकाश पांढरंफटक.

कॅमेऱ्याचा दोष नाही. उगवतीचं आकाश आणि झाडाची सावलीतली बाजू यांच्या उजेडात एवढा फरक असतो की एका फ्रेममध्ये दोन्ही नीट येत नाहीत. तेव्हा आधी ठरवा, सूर्य हवा की पळस. फुलं दाखवायची असतील तर माझं मत सरळ आहे : सूर्याकडे पाठ करा, नाहीतर तो एका बाजूला घ्या. सूर्याकडे तोंड करून काढलात तर फुलं काळीच येणार, मग पळस काय नि बाभूळ काय!

बाजूचा उजेड मला जास्त आवडतो, कारण खोडाच्या गाठी, सालीचा खडबडीतपणा त्यात उठून दिसतो. पूर्ण पाठ केलीत तर एक घोटाळा होतो. सूर्य पाच अंश वर असताना सावली उंचीच्या अकरापट लांब पडते, म्हणजे तुमची जवळजवळ वीस मीटर. ती थेट फ्रेममध्ये घुसते. म्हणून झाडापासून तीस-चाळीस मीटर मागे जाऊन ५५वर काढा, मध्यम उंचीचं झाड आरामात मावतं. हा सोनेरी उजेड सूर्य वर आल्यापासून जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तो रंग सुधारायला जातो आणि मारून टाकतो, डेलाइटवर ठेवा.

पळसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. फुलांचा रंग इतका लाल-केशरी असतो की पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या एकूण उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि लाल चॅनल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, मात्र उजव्या कडेला आपटलेला असतो. मग पाकळ्या नुसत्या रंगाच्या ठिपक्यांसारख्या दिसतात. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, एक्सपोजर उणे दोन तृतीयांश स्टॉप करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

सूर्य हवाच असेल, तर सिल्हूट, म्हणजे झाडाची नुसती काळी आकृती, काढा, पण मग पळसापेक्षा पानं गळालेली काटेसावर निवडा. तिच्या आडव्या फांद्यांचा सांगाडा आकाशावर स्वच्छ उमटतो. कॅमेरा गुडघ्याइतका खाली घ्या, म्हणजे फांद्या क्षितिजाच्या वर येतील, मागच्या झुडपांत मिसळणार नाहीत. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, सूर्याच्या शेजारच्या आकाशावर. वरच्या अर्ध्यात गडद असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर इथे कामाचा नाही, कारण झाड क्षितिजाच्या वर जातं आणि फिल्टर त्याचा शेंडाही काळवंडवतो. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम काढून जोडायच्या, तर तेवढ्यात बारीक डहाळ्या हलतात आणि कडांना भुतासारखी दुहेरी रेघ येते. वारा अगदीच पडलेला असेल तरच त्या वाटेला जा.

शेंड्यामागे मोठा सूर्य ही वेगळी गोष्ट आहे. त्याला ५५ची लेन्स पुरत नाही. सूर्य फ्रेमच्या रुंदीच्या सुमारे एक पंचेचाळिसांश, म्हणजे वाटाण्याएवढा येतो. २५०वर तो एक दशांश होतो. अंतराचा हिशेब सोपा : झाडाजवळ सूर्य जेवढा रुंद दिसायला हवा, त्याच्या १०८ पट लांब उभे राहा. सहा मीटरच्या घेरात तीन मीटरचा सूर्य हवा तर सव्वातीनशे मीटर. एवढ्या लांबून सूर्य मिनिटाला सव्वा मीटरहून जरा जास्त वर आणि अर्धा मीटर उजवीकडे सरकतो, म्हणून जागा आदल्या दिवशीच नक्की करा. महाराष्ट्रात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सुमारे ११५ अंशांवर (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजून) उगवतो, फेब्रुवारीच्या मध्यात १०४ आणि २१ मार्चच्या सुमारास बरोबर पूर्वेला. पूर्वेला डोंगर असेल तर तो आणखी उशिरा आणि उजवीकडे दिसतो. मोबाइलच्या होकायंत्रावर फार विसंबू नका, गाडीच्या पत्र्याजवळ तर अजिबात नाही. आणि टेलीलेन्स (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) सूर्याकडे बघायचं नाही, मागच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यूच वापरा.

फोकसचं थोडक्यात. अंधारात ऑटोफोकस शोधत बसतो. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून खोडाच्या कडेवर फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका. १८वर एफ/८ला (लेन्सच्या छिद्राचं माप) दहा मीटरवरच्या झाडावर फोकस केला की दोन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. फांद्यांची टोकं पुसट येत असतील तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००-८०० करून शटरचा वेग वाढवा. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, परवडला.

झाड बहुधा कुणाच्या तरी बांधावरच असतं आणि पळस फुलतो त्या दिवसांत शेजारी गहू-हरभरा उभा असतो. ट्रायपॉड लावण्याआधी मालकाला विचारा आणि पिकातून नको, बांधावरून जा.