मिस्त्रीला तोंडी सांगितलं, ठेकेदाराला ब्लॉक केलं. आता बिलाचं काय?

प्रश्न: आम्ही बाथरूम आणि स्वयंपाकघराचं काम एका ठेकेदाराला मालासकट दिलं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं, मी अंगठा टाकला आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हान्स दिला. सहा आठवड्यांचं काम अकरा आठवडे चाललं. मधे ओटा थोडा वर घ्यायला आणि बाथरूमच्या टाइल्स छतापर्यंत न्यायला मी मिस्त्रींना सांगितलं. ते ‘होईल ताई’ म्हणाले, पैशांचं कुणीच बोललं नाही. आता ठेकेदाराने ‘एक्स्ट्रा काम’ म्हणून कोटेशनच्या जवळजवळ एक तृतीयांश रक्कम वर लावली आहे. बाथरूमचा ढाळ चुकलाय, पाणी जाळीकडे न जाता दाराशी साचतं. रागाच्या भरात मी सोसायटीच्या ग्रुपवर त्याला चोर म्हटलं, नंबर ब्लॉक केला, आणि त्याचं टाइल कापायचं मशीन व ड्रिल कुलपात ठेवलं. शेवटचा हप्ता दिलेला नाही. तो दुसऱ्या नंबरवरून ‘माणसं घेऊन येतो’ म्हणतोय. एक्स्ट्राचे पैसे द्यावे लागतील का? उशिराबद्दल कापता येतील का? ढाळ दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतला तर चालेल का?

उत्तर: ताई, तुमचे तीन प्रश्न बाजूला ठेवून आधी न विचारलेलं सांगते. मशीन आणि ड्रिल आज परत करा.

त्याचे पैसे तुमच्याकडे अडकलेत, तुमचं काम त्याच्याकडे. त्यात त्याची हत्यारं अडकवून तुमची बाजू काडीचीही भक्कम होत नाही. वस्तू अडवून ठेवायचा हक्क कायदा काहींना देतो. घड्याळ दुरुस्त करणारा मजुरी मिळेपर्यंत घड्याळ स्वतःकडे ठेवू शकतो, भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०. पण त्याने त्या घड्याळावर मेहनत घेतलेली असते. तुम्ही त्या ड्रिलवर काय मेहनत घेतलीत? उलट हत्यारांवाचून त्याची बाकीची कामं बुडाली, तर त्याचं बिल तो तुमच्या नावावर लावू पाहील. देताना वस्तूंचे फोटो काढा आणि ‘मिळालं’ एवढी एक ओळ त्याच्याकडून लिहून घ्या.

आणि त्याला अनब्लॉक करा. ‘माणसं घेऊन येतो’ ही धमकी असेल, किंवा मशीन उचलायला दोन माणसं लागतात एवढाच त्याचा अर्थ असेल. मला तुमच्या पत्रावरून ते कळत नाही, तुम्हालाही कळत नाही, कारण विचारायची वाट तुम्हीच बंद केलीत. खरोखर दमदाटी करायला कुणी दारात आलं तर दार न उघडता ११२ ला फोन करा. पण आधी सरळ विचारून बघा.

ग्रुपवरचा ‘चोर’ मागे घ्या. काम वाईट केलं असं म्हणणं वेगळं, चोर म्हणणं वेगळं. दुसऱ्या शब्दासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामी, त्याच्या हातात येतं. नुसतं डिलीट करून भागणार नाही, कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेलाच असतो. ‘आमचा कामाबद्दल वाद आहे, तो आम्ही आपसात सोडवतोय, माझा तो शब्द मी मागे घेते,’ एवढं लिहा आणि त्या ग्रुपवर हा विषय परत काढू नका.

आता एक्स्ट्राचं. आधी हे पक्कं समजा की तुमच्यात करार आहे. सहीशिक्का नसला म्हणून करार नाही, असं होत नाही. करार तोंडी असू शकतो, वागण्यातून होऊ शकतो. तुमच्या बाबतीत अंगठा आहे आणि त्याच्या पाठोपाठ दिलेला अ‍ॅडव्हान्स आहे. अंगठ्याची चेष्टा करू नका. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात जवसाच्या सौद्यात शेतकऱ्याने पाठवलेल्या अंगठ्यालाच २०२३ साली न्यायालयाने सही मानलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण तुमच्याकडे तर अंगठ्यावर पैसेही आहेत.

म्हणजे कोटेशनमधलं काम कोटेशनच्या भावाने. त्याबाहेरचं काय? ‘मी ठेकेदाराला सांगितलंच नव्हतं, मिस्त्रीला सांगितलं होतं’ ही पळवाट मनातून काढून टाका. मिस्त्रींना दर ठरवायचा अधिकार नव्हता हे खरं, पण मग त्यांना हुकूम सोडायचं तुम्हालाही कारण नव्हतं. करार कायद्याचं कलम ७० सांगतं: एखाद्याने कायदेशीरपणे तुमच्यासाठी काही केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि त्याचा फायदा तुम्ही घेतलात, तर मोबदला द्यावा लागतो. छतापर्यंत गेलेल्या टाइल्स तुम्ही रोज बघताय. चढताना बघत होतात, थांबवलं नाहीत.

तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो चांगला आहे. तुम्ही गप्प होतात, तसा तोही गप्प होता. ‘याचे वेगळे पडतील, इतके पडतील’ हे त्याने काम सुरू व्हायच्या आधी सांगायला हवं होतं. ते न सांगता शेवटी मनाला येईल तो आकडा लिहिणं कलम ७० मध्ये बसत नाही. तिथे वाजवी मोबदला मिळतो, मागेल तो नाही. म्हणून ‘एक्स्ट्रा’ या एका ओळीवर भांडू नका, ती ओळ फोडा. टाइल्सचा वाढीव भाग मोजा, चौरस फूट निघतील. कोटेशनमध्ये त्याच टाइल्सचा मालमजुरीसह दर असेल तर तोच लावा. ओटा वर घ्यायला किती दिवसांची मजुरी आणि किती माल लागला, ते त्याला लिहून मागा. बहुतेक वेळा असा आकडा फोडला की त्यातली निम्मी हवा आपोआप निघते, पण निम्मं खरंही असतं. ते खरं देऊन टाका.

उशिराच्या बाबतीत तुमची बाजू लंगडी आहे. बांधकामाच्या करारात वेळ हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करारात तारीख लिहिलेली असूनही बाकीच्या अटी बघून हेच म्हटलं. तारीख चुकली म्हणून करारच मोडता येणार नाही. मात्र कलम ५५ प्रमाणे उशिरामुळे झालेलं नुकसान मागता येतं, सिद्ध करता आलं तर. इथे तुमचाच एक मेसेज आडवा येतो. पत्रासोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये सातव्या आठवड्यात तुम्ही लिहिलंय: ‘हरकत नाही, पण नीट करा.’ माणूस म्हणून हे शोभून दिसतं. वकील म्हणून वाचताना मला तिथे मुदतवाढ दिसते, आणि त्याच्या वकिलालाही तीच दिसेल. काम करून घेणाऱ्याला मुदत वाढवून देता येते, कलम ६३. शिवाय टाइल्सचा नमुना पसंत करायला तुम्ही नऊ दिवस घेतलेत, तेही तिथेच वाचता येतं. ते नऊ दिवस त्याच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. ‘हरकत नाही’ऐवजी ‘आठवडाभर थांबते, पण उशिराचं नुकसान मागायचा हक्क राखून’ असं लिहिलं असतंत तर आज हा परिच्छेद वेगळा झाला असता.

या जुन्या कायद्यातली उदाहरणं मला फार आवडतात. कलम ७३ खाली एक गवंडीकामाचंच आहे. बांधणाऱ्याने ठरल्या तारखेपर्यंत घर पुरं करायचं, कारण मालकाने ते तिसऱ्याला भाड्याने द्यायचं कबूल केलंय, आणि हे बांधणाऱ्याला सांगितलेलं आहे. घर इतकं वाईट बांधलं की तारखेआधीच पडलं. मग पुन्हा बांधायचा खर्च तर द्यावाच लागतो, बुडालेलं भाडंही द्यावं लागतं. सगळी मेख त्या ‘सांगितलेलं आहे’ मध्ये आहे. तीन आठवडे नातेवाइकांकडे राहावं लागल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. काम उशिरा झालं तर घर सोडून जावं लागेल, हे ठेकेदाराला सुरुवातीला कधी सांगितलं होतंत? पत्रात तसं काही नाही. मी तुमच्या जागी असते तर उशिराची मागणी सोडून दिली असती, किंवा एक्स्ट्राच्या आकड्यावर घासाघीस करताना वापरली असती. स्वतंत्र लढायला ती पुरणार नाही.

ढाळाचं मात्र तसं नाही. तिथे तुम्ही भक्कम आहात, म्हणून तिथे घाई करून हातचं घालवू नका. त्याच कलम ७३ मध्ये आणखी एक उदाहरण आहे: आगाऊ पैसे घेऊन घर दुरुस्त केलं, पण ठरल्याप्रमाणे केलं नाही, तर ते ठरल्याप्रमाणे करून घ्यायचा खर्च मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वाक्य अगदी तुमच्या बाथरूमसाठीच लिहिल्यासारखं आहे.

पण दुसऱ्या मिस्त्रीने एकदा फरशी उखडली की ढाळ चुकला होता हे दाखवायला काय उरेल? भंगार. म्हणून हातोडा पडायच्या आधी एवढं करा. जाळी मोकळी आहे हे आधी फोटोत घ्या, नाहीतर तो म्हणेल की केस अडकलेत. मग बाथरूम कोरडं करून एक बादली पाणी जाळीपासून लांबच्या कोपऱ्यात ओता आणि पाणी कुठे जातं याचा न थांबता व्हिडिओ घ्या, दहा मिनिटांनी दाराशी किती उरतं तेही. पाणसळ ठेवून फोटो काढा. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून किंवा ठेकेदाराशी संबंध नसलेल्या प्लंबरकडून सहीनिशी, तारखेनिशी लेखी मत घ्या. मग ठेकेदाराला लेखी संधी द्या, मुदत घालून. त्याने केलं नाही, तरच दुसऱ्याकडून करा, आणि तेही वाजवी खर्चात. या निमित्ताने इटालियन मार्बल बसवून त्याच्या माथी मारता येणार नाही.

एवढं करूनही तो बधला नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून नाव घेऊन लिहिलेली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइन करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिला टेकू नका.

पुराव्याबद्दल थोडक्यात. चॅटमधलं काहीही डिलीट करू नका, तुमच्या विरोधात जाणारंही नाही. मेसेज आपोआप पुसणारी सोय चालू असेल तर आत्ता बंद करा. फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतं. मूळ यंत्रच मालकाने स्वतः हजर केलं तर नाही. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. आयोगासमोर हे काटेकोरपणे तपासलं जाईलच असं नाही, पण मूळ फोन जवळ असलेला बरा. आणि मेसेज न्यायाधीश वाचतात हे ध्यानात ठेवा. रात्री पावणेबाराचा, अरेतुरेवर आलेला तुमचा तो मेसेज मी वाचला. तो खुल्या कोर्टात वाचला जाताना तुम्हाला बसवणार नाही.

शेवटचा हप्ता पूर्ण अडवू नका. वादात नसलेली रक्कम द्या, ढाळाच्या दुरुस्तीपुरती मागे ठेवा, आणि का ठेवली ते सांगा. खालचा मजकूर लागेल तसा बदलून पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टनेही, पोच जपून:

‘नमस्कार. तुमचं मशीन आणि ड्रिल आज परत करत आहे, मिळाल्याचं कळवावं. कोटेशनमधील कामाची बाकी रक्कम, ढाळाच्या दुरुस्तीपुरती वगळून, आज जमा करत आहे. वाढीव टाइल्सचं मोजमाप सोबत दिलं आहे. ओट्याच्या वाढीव कामाचा माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून पाठवावी, वाजवी रक्कम देईन. बाथरूमचा ढाळ दाराकडे उतरला आहे, व्हिडिओ आणि लेखी मत सोबत आहे. पंधरा दिवसांत येऊन दुरुस्त करावं, कधी येणार ते कळवावं, त्या वेळी मी घरी थांबेन. तसं न झाल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन तो खर्च राखून ठेवलेल्या रकमेतून वळता करीन. माझे इतर हक्क राखून हे लिहीत आहे. यापुढे कामाबद्दल माझ्याशी याच नंबरवर बोलावं. मीही कामगारांना परस्पर काही सांगणार नाही.’

त्याचा फोन येईल, मेसेज वाचून लगेच. उचला, ऐकून घ्या, आकडा कबूल करू नका. फोन ठेवला की पाच मिनिटांत लिहा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही अमुक दिवशी येणार आहात.’ तो आला आणि मिस्त्री पुन्हा तुमच्याकडे बघून ‘ताई, इथे अजून थोडं काही करायचंय का?’ म्हणाले, तर ठेकेदाराचं नाव सांगा आणि चहा टाकायला आत जा.