वाचकांचे प्रश्न : पथनाट्याची वर्गणी आणि पिशव्यांचे भांडवल

प्रश्न : आम्ही पाच मित्रमैत्रिणी नागपूरच्या महाल भागात राहतो. शाळेतली आणि वस्तीतली भांडणे हाणामारीवर न जाता कशी मिटवता येतात, यावर आम्ही एक पथनाट्य बसवले असून सात शाळांत त्याचे प्रयोग झाले आहेत. आमच्यातील एक मैत्रीण खादीच्या पिशव्या शिवते. वीस प्रयोग, शिलाई मशीन आणि कापड मिळून साठ हजार रुपये लागतील. ते कोणाकडे मागावेत? संस्था नोंदवावीच लागेल का? मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेतून पैसे पाठवायला तयार आहे, ते घ्यावेत का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपण पत्रासोबत जोडलेला खर्चाचा कागद मी दोनदा वाचला. ढोलकीला नवी पुडी, ऑटोचे भाडे, कलाकारांचे चहा-पोहे असा बारीकसारीक तपशील त्यात प्रामाणिकपणे दिला आहे. मात्र त्याच यादीत मशीन आणि कापडही येऊन बसले आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. नाटक ही आपण फुकट देत असलेली गोष्ट आहे, तेव्हा ते वर्गणीवर चालेल. पिशवी हा धंदा आहे, त्याला भांडवल लागते. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवला, तर देणगीदार विचारील की माझ्या पैशातून नफा कोणाचा होतो, आणि बँक विचारील की पथनाट्य हप्ता कसा फेडणार.

मशीन आणि कापडाच्या वीस हजारांसाठी मुद्रा योजनेचा ‘शिशु’ गट पुरेसा आहे. त्यात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. त्याआधी लहान उद्योगांसाठी असलेली सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती मोफत असते, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. पिशवीवर ‘खादी’ असे छापायचे असेल, तर खादी आयोगाच्या खादी मार्कचे नियम आधी पाहावेत. आणखी एक गोष्ट मला खटकली. आपण पिशवीची किंमत ८० रुपये धरली आहे. त्यात कापडाचे ४५ आणि बंद-धाग्याचे १० रुपये आहेत, पण शिवणाऱ्या मैत्रिणीची मजुरी कुठेच मांडलेली नाही. कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी १९३५ मध्ये चरखा संघात धरला आणि त्यापायी खादी महाग झाली तरी तो सोडला नाही. वर्धा आपल्यापासून काही फार लांब नाही.

आता नाटकाचे चाळीस हजार. विनोबांनी शांतिसेनेसाठी सर्वोदय-पात्राची कल्पना मांडली, ती आपल्या कामाला अगदी जवळची आहे : घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकायचे, आणि त्यातून शांतीचे काम करणाऱ्यांचा निर्वाह चालवायचा. त्या मुठीत धान्यापेक्षा घराची संमती मोठी होती. आपणही चाळीस घरांकडून महिना शंभर रुपये घेतले, तर दहा महिन्यांत रक्कम उभी राहते, आणि ती चाळीस घरे प्रयोगालाही येतात. झाडीपट्टीतील नाटके आजही गावोगावच्या मंडळांच्या आणि तिकिटे काढणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर चालतात, हे आपल्या विदर्भाला वेगळे सांगायला नको.

मोठा प्रायोजक घेऊ नका असे मी म्हणत नाही, पण त्याच्या अटी आधी कागदावर घ्या. आमच्या नाटक मंडळीला एकदा असा दाता भेटला होता. त्याचे बॅनर रंगमंचापेक्षा मोठे निघाले, आणि प्रयोगानंतर मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो बॅनरवरच्या काकांबद्दल.

नोंदणीची घाई करू नये. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, आणि नोंदणीनंतर दरवर्षीचे लेखापरीक्षण व धर्मादाय कार्यालयातील चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी वगैरे बदलले की द्यायचे अहवाल, मागे लागतात. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीसाठी तर आयकर सवलतीच्या १२-ए, ८०-जी या नोंदण्या आणि सामान्यतः तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. तो विचार पुढे करता येईल. मात्र नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची मंडळे घेतात तीच ही परवानगी. पावतीपुस्तक छापण्याआधी हे काम उरकावे.

भावाच्या पैशाबाबत पहिला प्रश्न त्याच्या पासपोर्टचा आहे. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर गटासाठी आलेल्या त्याच्या देणगीला २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागतो, आणि त्याखालील नोंदणी आपल्याला आज मिळण्यासारखी नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे वळवण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. मालाची रीतसर किंमत मात्र देणगी मानली जात नाही. तेव्हा त्याला देणगीऐवजी पन्नास पिशव्यांची ऑर्डर द्यायला सांगावे, त्याचे पक्के बिल करावे, आणि त्या बिलात मजुरीबरोबर टपालखर्चही धरावा.